सात नंबरची बाटली

मी सात नंबरची बाटली बोलतेय. हो, तीच, स्वयंपाकघराच्या खिडकीत साबणाच्या वडीशेजारी उभी आहे ती. गडद तपकिरी काच, पांढरं झाकण, पोटावर ‘७’ लिहिलेली चिठ्ठी. आज माझं पोट रिकामं आहे, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

जन्म माझा कारखान्यातला, पण मला महत्त्व आलं ते एका प्रयोगशाळेत. कॅन्सरवरची काही औषधं गाठीला मारता मारता हृदयालाही दुबळं करतात. एका झुडपाच्या पानांचा अर्क हृदयाला त्यापासून वाचवतो का, हे तिथे तपासत होते. आम्ही बारा बहिणी. मोठ्या सरांनी दार लावून आम्हाला भरलं: सहाजणींत अर्क, सहाजणींत नुसतं रंगवलेलं पाणी. रंग इतका सारखा की माझ्या पोटात काय आहे ते मलाही कळेना. यादी पाकिटात बंद करून सरांनी कुलपात ठेवली. मोजणाऱ्याला आधीच ठाऊक असलं की त्याला हवं तेच दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

मोजणारी होती एक मुलगी. काचेच्या बशीत हृदयाच्या पेशी धडधडत असायच्या. त्यांवर कॅन्सरचं औषध पडायचं, मग आमच्यातले थेंब, आणि ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ठोके मोजायची. माझ्या बशीतल्या पेशी दोन दिवस झकास धडधडल्या. “सातमध्येच आहे अर्क!” ती पुटपुटली. मग काय, मीही फुशारून गेले.

तिच्या आईला तीच औषधं चालू होती. तीन डोस झाले होते, चौथा व्हायचा होता. आईला जिना चढताना धाप लागायची आणि इकडे लेकीचा जीव टांगणीला. एका संध्याकाळी तिने मला डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं.

“रोज सकाळी एक चमचा. आणि कुणाला बोलू नकोस.”

आईने पहिला चमचा घेऊन तोंड वाकडं केलं. “औषध म्हणतेस, आणि कडू नाही, तुरट नाही?”

“आई, घे ना गं गुपचूप.”

लेकीचा शब्द म्हणून आईने आठ दिवस घेतलं. पण चौथ्या डोसच्या दिवशी डॉक्टरबाईंनी नेहमीसारखं विचारलं, “आम्ही दिलेल्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेताय का?” आईच्या पोटात काही राहत नाही. तिने पर्स उघडून मला सरळ टेबलावर ठेवलं.

“हे. लेकीने आणलंय, हृदयासाठी.”

शेजारी बसलेल्या लेकीला मग झुडपाचा अर्क, बशीतल्या पेशी, सगळं सांगावंच लागलं. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “झाडाचं आहे म्हणून बिनधास्त द्यायचं? हे हृदयाला जपत असेल. पण गाठीलाही जपत असेल तर? बशीतल्या पेशी आणि तुझी आई एकच का?”

“मला फक्त तिचं हृदय सांभाळायचं होतं,” म्हणून पोरगी ढसाढसा रडली. माझी फुशारकी कुठल्या कुठे गेली. आठ चमचे गेले होते माझ्यातून. मी गाठीला पोसलं तर नसेल?

डोस थांबवला. सरांना फोन लागला. पाकीट फोडलं की सगळा प्रयोग बाद, हे ठाऊक असूनही सरांनी ते फोडलं. कागदाचा आवाज आला.

“सात ना? सातमध्ये पाणी आहे. उकळलेलं पाणी आणि खायचा रंग.”

“बघ!” आई म्हणाली. “मी म्हटलं नव्हतं?”

लेक रडता रडता हसू लागली. मी कुणीच नव्हते, नुसतं पाणी होते, आणि उभ्या जन्मात मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

त्याच दुपारी हृदयाची तपासणी झाली. हृदय ठणठणीत निघालं. धाप लागत होती ती रक्त कमी झाल्यामुळे. त्यावर उपाय झाला आणि पुढच्या आठवड्यात चौथा डोस सुरळीत पार पडला.

लेकीने सरांची बोलणी खाल्ली, चूक लिहून दिली, आणि आता नव्या बारा बाटल्यांसमोर पहिल्यापासून मोजायला बसली आहे. एका बशीतल्या पेशी नुसत्या योगायोगानेही झकास धडधडू शकतात हे कळल्यामुळे या खेपेला ती अंदाज बांधत नाही. त्या झुडपात गुण असेलही, आणि तो तिलाच सापडावा असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी आली, तर तिला आधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. मी पाणी निघाले. दरवेळी पाणीच निघेल असं नाही.

ऐका, जिन्यात पावलं वाजताहेत. आईच आहे. पूर्वी मधल्या वळणावर थांबायची. आज न थांबता वर आली.