ओढ्याकाठच्या कापसाचा स्वेटर

"या स्वेटरमध्ये तीस किलोमीटरच्या बाहेरचं काही म्हणजे काही नाही," ग्लेनिस गावच्या रेडिओवर ठणकावून सांगत होती. "कापूस आमच्या ओढ्याकाठच्या रानातला, औषधाचा एक थेंब न मारलेला. सरकी मी काढली, सूत मी कातलं, विणला मी. बटणं पलीकडच्या डडली सुताराची. गावच्या शेतकी शोमधली पहिल्या बक्षिसाची निळी फीत यालाच मिळणार. जन्मभर विणतेय मी, मला कोणी शिकवायला येऊ नये!"

जन्मभर विणत होती हे खरं. पण लोकर. बोगारा हे मेंढ्यांचं गाव. लोकर धुतली की आटते, म्हणून तिथली प्रत्येक बाई स्वेटर दोन मापं मोठा विणते आणि गरम पाण्यात बुचकळून मापात आणते. ग्लेनिसनेही तेच केलं. कापसाला हे माहीत नव्हतं.

या फितीवर ते रानच टांगलेलं होतं. तिचा नवरा मर्व हाडाचा मेंढीवाला. "स्वेटरला फीत आली तर रान तुझं," तो म्हणाला होता. "नाही आली तर सोमवारी माझ्या मेंढ्या आत. मेंढीच्या अंगावर स्वेटर आपोआप उगवतो, ग्लेन, आणि संध्याकाळी चालत घरी येतो. तुझा कापूस आलाय का कधी चालत?"

शोच्या आदल्या दिवशी तिने स्वेटर गरम पाण्यात घातला. आटेना. आणखी गरम पाणी. कापूस पाणी पीत बसला, गाभण म्हशीसारखा फुगला. दोघांनी मिळून पिळला, मग तिने तो अंगणातल्या, खांबावर छत्रीसारख्या फिरणाऱ्या वाळणाच्या दोरीवर खांद्यांना चिमटे लावून टांगला आणि चहा ठेवायला आत गेली.

"ग्लेन," बाहेरून मर्वची हाक आली, "तुझा स्वेटर खाली उतरतोय."

खरंच उतरत होता. बाह्या गुडघ्यापर्यंत, घेर घोट्यापर्यंत. वारा सुटला तशी दोरी गरगर फिरली आणि स्वेटर खांबाला अजगरासारखा वेढे घालून बसला. सोडवता सोडवता तो आणखी वीतभर वाढला.

"काढ खाली! सपाट ठेव!" ग्लेनिस ओरडली.

"कशावर? तेवढं मोठं टेबल फक्त सभागृहात आहे."

शेवटी कुंपणाजवळच्या पत्र्यावर पसरला. तेवढ्यात मर्वची बहीण बेरिल केक घेऊन आली. तिने स्वेटर या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला.

"हा कोणाचा गं? घोड्यासकट घालायचा का?"

"बेरिल, तू आता बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय? मी मोजतेय."

दोघी आत जाऊन भांडत असताना पांढरे काकाकुवे आले. लाकूड दिसलं की या पक्ष्यांना धीर धरवत नाही. ग्लेनिस झाडू घेऊन धावत आली तोवर डडलीच्या बटणांचा भुसा झाला होता, आणि एक काकाकुवा वर बसून तिला शिव्या घातल्यासारखा किंचाळत होता.

"माझ्याकडे बटणं आहेत की," बेरिल म्हणाली. "छान चकचकीत."

"कुठली?"

"दुकानातली. बोटीने आलेली असतील कुठूनतरी."

"मी रेडिओवर सांगितलंय, बेरिल! तीस किलोमीटर!"

"मग आता काकाकुव्यालाच शिवून टाक. तो तरी इथलाच आहे."

चिडून ग्लेनिस ओढ्यावर गेली. रानफळाच्या खडबडीत बिया गोळा केल्या, मर्वच्या बारक्या ड्रिलने भोकं पाडली. अर्ध्या फुटल्या, एक मर्वच्या कपाळावर उडाली. उरलेल्या शिवल्या. मग इस्त्री करून स्वेटर आखूड करायला गेली, तर रुंदी आटली आणि लांबी होती तिथेच राहिली.

सकाळी शोच्या मांडवात तिने तो विणकामाच्या टेबलावर ठेवला. टेबल संपलं, स्वेटर नाही संपला. परीक्षक बाई, शहरातून आलेल्या मिसेस ऑडली, चष्मा नाकावर सारून थांबल्या. टाके पाहिले. उलटा करून आतून पाहिला. गालाला लावला.

"सुंदर," त्या म्हणाल्या. ग्लेनिसने फितीसाठी हात पुढे केला. "पण हा चुकीच्या टेबलावर आहे. हा झगा आहे."

"स्वेटर आहे तो!"

"अहो बाई, घोट्यापर्यंत आहे. आणि आतून शिवण तर अशी काढलीय की मला हेवा वाटतो. एवढा चांगला झगा विणकामात कसा ठेवू?"

त्यांनी स्वतः उचलून तो बायकांच्या झग्यांत नेऊन ठेवला आणि त्यावर पहिली निळी फीत लावली.

मर्वने टोपी काढून डोकं खाजवलं. "ठरलं होतं स्वेटरचं," तो म्हणाला. "झग्याबद्दल आपण काही बोललो नव्हतो."

"मर्व हॅसलेट! निळी आहे ती! पहिली आहे!"

"निळी आहे. पण झग्यावर आहे."

"तू बेरिलचा भाऊ शोभतोस!"

"मी काय केलं?" केकच्या टेबलावरून बेरिल ओरडली.

ग्लेनिसला त्याच फितीने त्याचा गळा आवळावा असं वाटलं. पण मिसेस ऑडली परत आल्या आणि हा कापूस कुठे पिकतो म्हणून विचारू लागल्या. असा मऊ कापूस हाताला लागला नव्हता, म्हणाल्या, जाण्याआधी रान पाहायचंय. पाहुणीने एवढं कौतुक केल्यावर मर्वची छाती उगाचच दोन बोटं फुगली. त्याने गाडी काढली. ग्लेनिस मध्ये बसली, मिसेस ऑडली दाराशी. वाटेत मर्वच्या मेंढ्यांच्या कुरणांची फाटकं लागतात; दाराशी बसलेल्याने उतरून ती उघडायची आणि गाडी गेली की लावायची, हे तिथे लहान पोरालाही कळतं. मिसेस ऑडली प्रत्येक फाटकाला हौसेने उतरल्या.

ओढ्याकाठी बोंडं फुटून रान पांढरं झालं होतं. मिसेस ऑडलींनी एक बोंड तोडून हुंगलं आणि पुढच्या वर्षी अख्खी गासडी लागेल, शहरातलं गिऱ्हाईक मी मिळवून देते, असं सांगितलं. मर्वने एक बोंड तोडून बोटांत चुरगाळलं.

"ठीक आहे," तो शेवटी पुटपुटला. "राहू दे तुझा कापूस. पण रेडिओवर सांगू नकोस, मी हरलो म्हणून."

ग्लेनिसने त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. मग मागे वळून पाहिलं.

"मिसेस ऑडली, फाटकं लावलीत ना?"

"लावायची पण असतात?"

मर्वच्या सगळ्या मेंढ्या रानात शिरल्या होत्या. अंधार पडेपर्यंत त्यांनी कापूस बोंडांसकट खाल्ला. औषध मारलेलं नसल्यामुळे एकाही मेंढीला काही झालं नाही.