कुरवाचा संथारा

प्रकाशे गावात तापीच्या काठी हीरालाल शेठांचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. त्या घराच्या मागल्या पडवीत उमरावबाई राहायची. शेठांच्या धाकट्या भावाची ती बायको. मानमोडीच्या साथीत नवरा गेला, तेव्हापासून पडवी आणि मागचं अंगण एवढीच तिची हद्द. जेठांसमोर, म्हणजे या थोरल्या दिरांसमोर, बोलायचं नाही. त्यांची चाहूल लागली की पदर हनुवटीपर्यंत ओढायचा. जेठाणी सोहनबाई मनाची वाईट नव्हती, पण तिला पोरंबाळं आणि उसंत नाही अशी कामं. दिवसच्या दिवस उमरावशी कुणी बोलत नसे. कुणी ठरवलेलं नव्हतं, राहूनच जायचं.

पाणी गाळणं हे तिचं काम. गडी दिवाल्या नदीवरून हंडे आणी. ती दुहेरी फडक्यातून पाणी गाळायची आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते एका लोटीत हलकेच धुऊन काढायची. ती लोटी दिवाल्या पुन्हा नदीत सोडून यायचा. दुपारी अंगणात ज्वारी टाकली की होले, साळुंक्या, पोपट उतरायचे. कोणता होला भांडखोर, कोणती साळुंकी लंगडते, सगळं तिला ठाऊक होतं. तिची माणसं म्हणजे ती पाखरंच.

एका पौषात पश्चिमेचं वारं भणाणलं, अवकाळी पाऊस झाला. सकाळी अंगणात एक अनोळखी पाखरू बसलेलं. पांढरंशुभ्र, राखी पंखांचं. चोच लाल, पाय लाल, बोटांमध्ये बदकासारखा पडदा. कानाशी शाईचा ठिपका पडावा तसा डाग. उमरावने त्याला उचललं तर तिच्या हाताला ते फुलासारखं हलकं लागलं. मोडलेलं काही नव्हतं, नुसतं थकलेलं होतं.

पडवीत एका टोपलीत त्याला बसवून तिने ज्वारी ठेवली, मूग भिजवून ठेवले, दुधात भाकरी कुस्करली. पाखराने ढुंकूनही पाहिलं नाही. पाणी तेवढं प्यायलं.

शेजारची धनुबाई पाटलीण ताक घेऊन आली. “माय वं! हाई बदक शे का कबूतर?”

“कोण जाणे. काही खात नाही,” सोहनबाई म्हणाली. “उपास धरलाय जणू.”

“आमना घरमा उपासले भगर तरी लागस, बाई!”

धनुबाई हसत गेली, पण ते बोलणं दारापलीकडे उभ्या शेठांच्या कानी पडलं होतं. दोन दिवसांनीही पाखरू खाईना, तेव्हा ते गंभीरपणे सोहनबाईला म्हणाले, “हा संथारा आहे. मागल्या जन्मीचा कुणी श्रावक असणार. देह ठेवायला आपलं घर शोधत आला.”

अन्न सोडून शांतपणे मरण स्वीकारायचं ते जैन व्रत त्या घराने एकदा पाहिलं होतं. सासूबाई तशाच गेल्या होत्या. बातमी पेढीपेढीवरून फिरली. बायामाणसं दर्शनाला येऊ लागली. टोपलीपुढे हात जोडत, नवकार मंत्र म्हणत, आणि मग उमरावच्या उंबऱ्याशी टेकत. “उमरावबाई, आज कसं आहे हो? रात्री डोळा मिटला का?” आपलं नाव इतक्या तोंडून तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ती सांगायची, बाया ऐकायच्या. एकीने तर जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवला.

सहाव्या सकाळी ती फडकं धुऊन काढत होती. लोटीच्या तळाशी नखाएवढी दोन मासळ्यांची पिल्लं चमकली. लोटी टोपलीशेजारी ठेवून ती वळली, तोच खळ्ळकन आवाज झाला. पाखराने मान लांब करून लोटीत चोच घातली होती. पिल्लं गेली. पाखरू पुन्हा लोटीत बघत होतं, तिच्या हाताकडे बघत होतं.

उमराव टोपलीपाशी बसली. जे जीव वाचवायचे ते तिच्या लोटीतून गेले होते. आणि हा संथारा नव्हता. सासूबाईंची नजर शेवटी किती निवली होती; याचा डोळा पहिल्या दिवसापासून भिरभिरत होता. तिने तो पाहिला होता, ओळखला मात्र नव्हता.

मासा तर ती देऊ शकत नव्हती. पण नदी तर होती ना? ती उठलीसुद्धा. तेवढ्यात शहाद्याहून गाडी आली, बाया उतरल्या, आणि कुणीतरी विचारलं, “उमरावबाई, या बसा, सांगा ना सगळं!” ती बसली. त्या दिवशी तिने नेहमीपेक्षा जास्तच सांगितलं. संध्याकाळी बाया गेल्या तेव्हा पाखराची मान टोपलीच्या काठावर पडली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाखराला पदराखाली घेऊन ती मागच्या दाराने निघाली. घाटावर उखा नावाडी नावेतलं पाणी उपसत होता. तिने पाखरू उथळ पाण्यात सोडलं. क्षणभर ते तसंच तरंगलं. मग चोच बुडाली. पुन्हा बुडाली. मग भराभर.

“कुरव शे तो,” उखा म्हणाला. “दर्यावरनं पाखरू. हिवाळामा सुरतकडथीन येतस, होळीले परत जातस. ते देखा, त्याना गोतावळा.”

पलीकडच्या वाळूवर पांढरी रांग बसली होती. पाणी तिचं पाखरू तिकडेच नेत होतं. बऱ्याच वेळाने ते फडफडलं, पाण्याला घासत उडालं आणि रांगेत जाऊन बसलं. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. सगळ्यांचेच पंख राखी होते.

घरी जेठ पडवीतच उभे होते, हातात रिकामी टोपली. शेजारी सोहनबाई.

“विचार तिला, संथारा सीझला का? देह ठेवला का त्याने?” ते बायकोला म्हणाले.

पदराआडून उमरावनेच उत्तर दिलं. या घरात आल्यापासून जेठांशी पहिल्यांदा. “त्याने उपास नव्हता धरला. आपणच त्याला उपाशी ठेवलं. मीही. नदीत सोडून आले.”

शेठांनी टोपली खाली ठेवली. ते दुकानात निघून गेले. सोहनबाई तिच्याकडे बघत राहिली. “अगं, मला तरी सांगायचंस,” एवढंच म्हणाली, आणि आतून पोर रडलं म्हणून तीही गेली.

दुपारी धानोऱ्याच्या बाया आल्या. पुढच्या दारात त्यांच्या पायांतले तोडे वाजले. उमराव पदर सारखा करून उठून उभी राहिली.

“पाखरू गेलं,” सोहनबाईने त्यांना दारातच सांगितलं.

“अरेरे,” कुणीतरी म्हणालं. थोडी कुजबुज झाली. मग तोडे गल्लीने लांब लांब जात राहिले.