दोनदा दाबलं तर

दचकू नका, वळचणीखालून मीच बोलतोय. तागाचा दोर, लांबी आठ मीटर, जन्म बंगालचा, बाकी सगळं आयुष्य ओसाकात. एकदा वादळात मी एकट्यानं अख्खं जहाज धरून ठेवलं होतं. विश्वास नाही बसत? बरं, होडी होती.

इवाओनं मला घरी आणलं तेव्हा मी भलताच खरखरीत होतो. त्यानं मला उकळलं, वाळवलं, ज्योतीवरून फिरवून माझी लव जाळली आणि घोड्याच्या चरबीचं तेल चोळलं. एवढे लाड राजपुत्राचेही होत नसतील. मग मला साएकोच्या खांद्यावर ठेवून तो म्हणाला, "बघ, टोचतो का?"

"तुझ्या दाढीपेक्षा बरा आहे."

ही दोघं रंगमंचावर दोरबांधणीचे खेळ करत. तो बांधायचा, ती बांधून घ्यायची आणि मी तिला अलगद अधांतरी उचलायचो. लोक गाठी बघत बसत. खरी गोष्ट कुणाला दिसतच नसे. प्रत्येक गाठीनंतर इवाओ आपली दोन बोटं तिच्या मुठीत सरकवायचा. तिनं एकदा दाबलं तर ठीक. दोनदा दाबलं तर सोड.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारचा खेळ होता. साएकोच्या हाताला मुंग्या आल्या. तिनं दोनदा दाबलं. इवाओनं हसून मान डोलावली आणि दुसऱ्या हातानं मला वर ओढायला लागला! तिनं पुन्हा दोनदा दाबलं. खेळात तोंड उघडायचं नाही, ही तिची जुनी जिद्द. आता मी काय करावं? अकरा वर्षं तेल पिऊन मुका राहिलेला मी असा करकरलो, की तिसऱ्या रांगेतल्या बाईंच्या हातातला भाताचा गोळा उडून छताला चिकटला. अजून आहे तिथं.

इवाओ थबकला. क्षणात त्यानं तिला खाली घेऊन मोकळं केलं.

पडद्यामागे ती मनगट चोळत म्हणाली, "चार वेळा दाबलं की रे मी!"

"कळलं नाही."

"कळलं नाही म्हणजे?"

"बोटांत जीवच उरला नाही, साए. गेल्या थंडीपासून."

"आणि आज सांगतोस? गाढवा!"

"आधी सांगितलं असतं तर तू दुसऱ्या कुणाकडून बांधून घेतलं असतंस."

तिनं त्याची बोटं हातात घेऊन चोळून बघितली. मग तिनं मला उचललं. "बस इथं. पाठ ताठ कर."

"मला बांधतेस? या वयात?"

"गप बस."

तिनं मला त्याच्या छातीभोवती सैलसर गुंडाळलं. दोन गाठी चुकल्या, तो ओरडला, तिनं दटावलं. शेवटी तिनं आपली दोन बोटं त्याच्या मुठीत दिली. त्यानं एकदा दाबलं, आणि सोडलंच नाही.

आता ती बांधते, तो बांधून घेतो. त्याचं नाक नेमकं तेव्हाच खाजतं. मी मात्र निवृत्त; एकदा करकरलेल्या दोराला इथं पुन्हा माणूस टांगत नाहीत. म्हणून माझ्यावर पर्सिमनची चाळीस फळं वाळत घातलीत. फळं गोड आहेत, पण त्यांना मुठी नसतात.

तुम्हीही कुणाला धरून ठेवलं असेल, तर अधूनमधून बोटं पुढे करत जा. आणि दाबलेलं कळेनासं झालं, तर आधी तेवढं सांगून टाका. दर वेळी करकरायला मी कुठून येणार?