काळा ठोकळा कुणाचा

मी मतपेटी बोलतेय. खरं तर मी बोलू नये म्हणूनच मला घडवलं होतं. तेव्हा हे बरोबर करतेय की नाही, याची धाकधूक आत्ताही आहेच.

ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात पोरांचं एक बंधुमंडळ होतं. सगळे एकाच घरात राहायचे, एकाच टेबलाशी जेवायचे. त्यांच्यातल्याच एकाने मला अक्रोडाच्या लाकडातून बनवलं. समोर हात जाईल एवढं भोक, आत पांढऱ्या गोट्या आणि काळे ठोकळे; न बघता बोटांना फरक कळावा म्हणून गोल आणि चौकोनी. मान्य असेल तर मागच्या खणात गोटी टाकायची, नसेल तर ठोकळा. एक जरी ठोकळा निघाला की ठराव बारगळला. कुणाचा, हे कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.

मंडळात कुणाला घ्यायचं हेही माझ्यावरच ठरायचं, तेव्हा नवी पोरं इस्त्रीचे कोट घालून बाहेर पायरीवर निकालाची वाट बघत बसायची. मत टाकताना मला चेहरे दिसत नसत, पण हात ओळखू यायचे. नखं कुरतडणारे, तळलेल्या कोंबडीने तेलकट झालेले, ठोकळा उचलून पुन्हा खाली ठेवणारे. इतकं सगळं ठाऊक असून कुणाशी बोलायची सोय नाही, याची सवय व्हायला फार वर्षं लागली.

पुढे काळ पालटला. पोरांनी केस वाढवले, शपथा नि कोट त्यांना हास्यास्पद वाटू लागले. खोल्या ओस पडत गेल्या. शेवटी पाचजण उरले.

एका रविवारी जेवणानंतर अध्यक्ष रसेल किम्ब्रोने मला टेबलावर ठेवलं. ठराव होता घर बंद करण्याचा.

"बॉयलर गेलाय, घर गारठलंय, छत गळतंय," रसेल म्हणाला. "एवढ्या मोठ्या घरात आपण पाचजण भुतांसारखे किती दिवस फिरणार?"

"भुतं परवडली," डेनी ऑसगुड म्हणाला. "ती भाषण तरी देत नाहीत."

मतदान झालं. खणात एक ठोकळा निघाला.

डेनी लाइल सँडविककडे वळला. लाइल शेतकऱ्याचा मुलगा, अबोल. "लाइल, तूच ना रे? या गारठलेल्या बिळात तुझ्याशिवाय कुणाचा जीव रमतो?"

"मी नाही टाकला."

"मग काय माझ्या आजीने येऊन टाकला?"

पुन्हा मतदान. पुन्हा ठोकळा.

दोन्ही वेळा तो रसेलचा होता. ज्याने बंद करण्यासाठी एवढं भाषण केलं, त्याचाच. त्याचे आईवडील लहानपणीच गेले होते. सुट्टीतही तो इथेच राही. दुसरं घर त्याला नव्हतंच.

"तोंडाने सांग ना, भावा," डेनी लाइलवर चिडला. "असा पाठीत काय वार करतोस?"

लाइल उठला. "ठीक आहे. मी उद्या सामान हलवतो. मग तुम्ही चौघं एकमताने काय ते करा. पण माझा शब्द खोटा धरलात, हे लक्षात ठेवीन."

रसेलने मला पुन्हा पाचहीजणांपुढे फिरवलं, लाइललाही धरून. तिसऱ्यांदा त्याचा स्वतःचा हात आत आला तेव्हा बोटं ठोकळ्यावर थांबली आणि गोटीकडे गेली. घर बंद झालं.

"हे मघाशीच केलं असतंस तर!" डेनी लाइलला म्हणाला. लाइल मागे न बघता जिना चढून गेला.

रसेलने मला बरोबर नेलं. आता तो म्हातारा झालाय, टोलेडो शहरातल्या एका फ्लॅटमध्ये एकटाच राहतो. मी त्याच्या फडताळात आहे. दर नाताळला लाइलचं कार्ड येतं, खाली नुसती सही. रसेल ते माझ्याशेजारी उभं करतो, फोनजवळ जातो आणि परत येऊन खुर्चीत बसतो.

यंदाच्या कार्डावर लाइलच्या नावाने त्याच्या बायकोने सही केलीय; त्याला आता पेन धरवत नसावं.

रसेल, मत सांगायचं नाही, हा नियम मलाही पाठ आहे. पण तो पाळायला लावणारं मंडळ कधीच उठलं. मला तोंड नाही, तुला आहे. तो माणूस अजून आहे तोवर फोन उचल.