शंभर डॉलरच्या चेकावरच्या दोन सह्या

माझ्या अंगावर दोन सह्या आहेत. वरची अठ्ठेचाळीस मिलिमीटर लांब आहे आणि खालची एकोणीस. दोन्ही एकाच माणसाने, एकाच हाताने आणि पूर्ण शुद्धीत केल्या आहेत.

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅव्हलर्स चेक आहे. माझी किंमत शंभर अमेरिकन डॉलर. हल्ली परदेशी जाणारी माणसे खिशात एक कार्ड टाकून निघतात. त्या काळी ती माझ्यासारख्यांची चळत घेऊन निघत. माझ्या कामाची रीत साधी होती. विकत घेताना बँकेतल्या अधिकाऱ्यासमोर वरच्या ओळीवर सही करायची. परक्या मुलखात पैसे हवे झाले, की तिथल्या रोखपालाच्या डोळ्यांदेखत खालच्या ओळीवर तीच सही पुन्हा करायची. दोन्ही जुळल्या, तर तो तिथले चलन मोजून देई. मी चोराच्या हाती लागलो तरी त्याच्या उपयोगाचा नव्हतो, कारण माझे सारे मोल त्या जुळण्यात होते.

१९९५ च्या मार्चमध्ये नाशिकच्या एका बँकेत शामसुंदर गायधनी यांनी मला विकत घेतले. ते सातपूरच्या एका कारखान्यात मोजमाप विभागाचे प्रमुख होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर येई. तो बरोबर मापाचा असेल, तरच अहवालाखाली त्यांची सही पडे. त्या सहीवर माल पुढे जात असे. सही ऐसपैस होती. 'शा'चा काना लांब खाली उतरे आणि शेवटची रेघ कागद ओलांडते की काय, असे वाटे. माझ्यावरची वरची सही तीच.

त्याच संध्याकाळी इंदिरानगरच्या घरी त्यांनी सातवीतल्या आपल्या मुलीला, मृण्मयीला, मी कसा चालतो ते समजावून सांगितले.

"ही वरची सही म्हणजे गेज, मापाचा नमुना. खालची सही म्हणजे जॉब, तपासायचा भाग. जॉब गेजशी जुळला, तर पास."

"आणि नाही जुळला तर, बाबा?"

"रिजेक्ट. मग तो कुणाचाही असो."

ते जर्मनीला गेले, यंत्राची तपासणी करून आले. भत्ता जपून वापरल्यामुळे आम्ही पाच चेक उरलो. तेवढे परकीय चलन जवळ ठेवायला हरकत नव्हती. त्यांच्या पत्नी कुसुमबाईंनी आम्हाला एका पाकिटात घालून लोखंडी कपाटात, पासबुकांच्या खाली ठेवले. आम्हाला मुदत नसते. साडेसहा वर्षे मी तिथे पडून होतो आणि कपाटाच्या दारातून घरातली बोलणी ऐकत होतो.

त्या बोलण्यांत एक तक्रार वाढत गेली.

"अहो, जरा मोठ्यानं बोला ना. मृण्मयीचं ऐकू येतं, शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो. तुमचंच तेवढं येत नाही."

"नवऱ्याचंच ऐकू येत नाही, असा नवीन रोग आहे हा," शामसुंदरराव म्हणत.

"काय म्हणालात?"

कानाच्या डॉक्टरांनी वयोमानाप्रमाणे ऐकणे थोडे कमी झाल्याचे सांगितले. यंत्र लावले तर बरे, असेही ते म्हणाले. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनी शामसुंदररावांना पुन्हा जर्मनीला पाठवत होती. तिथे चांगले श्रवणयंत्र मिळते, असे कुणीतरी सांगितले. कानाच्या तपासणीचा कागद आधीच पाठवून ते एका दुकानात तयार करवून घेतले गेले. पैसे आमचे, म्हणजे कपाटातल्या पाच चेकांचे, द्यायचे ठरले.

परतीच्या आदल्या दिवशी शामसुंदरराव तिथल्या बँकेच्या खिडकीपाशी उभे राहिले. सोबत त्यांचा सहकारी ज्ञानेश खैरनार होता. शामसुंदररावांनी पाचांतून मला पुढे ओढले आणि खालच्या ओळीवर सही केली.

रोखपाल बाईंनी वर पाहिले, खाली पाहिले आणि मला उजेडासमोर धरले. मग त्यांनी पासपोर्ट मागितला. पासपोर्टही १९९५ चाच होता. त्यावरची सही लांब, ऐसपैस. फोटो जुळत होता, सही जुळत नव्हती. त्याच आठवड्यात त्याच खिडकीने कंपनीचे नवे चेक बिनतक्रार वटवले होते. ते ताजे खरेदी केलेले असल्यामुळे त्यांच्यावरच्या दोन्ही सह्या लहान होत्या. बाईंचा तर्क बिनचूक होता: या गृहस्थाची सही लहान आहे, हे जुने चेक आणि पासपोर्ट लांब सहीच्या कुणा दुसऱ्याचे आहेत, फोटो तेवढा बदललेला.

पोलीस आले. मागच्या खोलीत त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि दहा वेळा सही करायला सांगितले.

"सर, टेन्शन घेऊ नका," ज्ञानेश कानाशी म्हणाला. "सावकाश, आपली नेहमीची करा ना."

"ही नेहमीचीच आहे, ज्ञानेश."

पहिली सही एकवीस मिलिमीटरची उतरली. पुढची प्रत्येक आधीच्यापेक्षा आखूड होत गेली. दहावी मुंगीएवढी होती. पोलिसाने कागदाची घडी घातली आणि ज्ञानेशकडे पाहिले. ज्ञानेशने मान वळवली. मी ते पाहिले.

चोरीस गेलेल्या चेकांच्या यादीत आमचे क्रमांक नव्हते. त्यामुळे चार तासांनी त्यांना सोडले. मला कोणी घेतले नाही. दुकान तोवर बंद झाले होते. सकाळी विमान होते. कुसुमबाईंचे यंत्र दुकानातच राहिले.

ज्ञानेशने घडले तेवढेच कार्यालयात सांगितले. पण तेवढे पुरेसे होते. चौकशी बसली. टेबलावर मला ठेवले आणि माझ्या शेजारी १९९५ चे तपासणी अहवाल आणि २००१ चे तपासणी अहवाल. सह्या तिथेही दोन मापांच्या होत्या. प्रश्न माझ्यावरून अहवालांवर गेला. गेली काही वर्षे गायधनींच्या नावाने दुसराच कुणी सह्या करत होता का? तपासणी न करताच माल सुटत होता का?

"गायधनी, तुम्ही स्वतः इन्स्पेक्शनला असता, तर चेकवरची ही खालची सही पास केली असती?" अध्यक्षांनी विचारले.

शामसुंदररावांनी मला उचलले आणि सवयीने डोळ्यांजवळ धरले.

"नाही. रिजेक्ट."

"मग आम्ही काय करायचं?"

"ते तुम्ही ठरवा. पण सही माझीच आहे."

ते हे इतक्या हळू म्हणाले, की इतिवृत्त लिहिणाऱ्याला पुन्हा विचारावे लागले. दुसऱ्यांदा ते आणखी हळू म्हणाले. समितीने ती कबुलीची सुरुवात मानली.

आरोप सिद्ध झाला नाही. फेटाळलाही गेला नाही. त्यांचा सहीचा अधिकार काढून घेण्यात आला. अठ्ठावीस वर्षे ज्यांच्या सहीवाचून माल हलला नव्हता, ते गृहस्थ भांडाराच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून राहू लागले. वर्षभराने त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपसमारंभाला कुणी भाषण केले नाही.

घरी कारणांची कमतरता नव्हती. शेजाऱ्यांच्या मते त्यांनी धसका घेतला होता. ओळखीच्या डॉक्टरांनी अशक्तपणा ठरवून शक्तीच्या गोळ्या दिल्या. कुसुमबाईंचे थोरले बंधू, अण्णा, पंचवटीत यात्रेकरूंचे विधी सांभाळत. त्यांनी पत्रिका पाहिली.

"साडेसाती आहे, कुसुम. शांत करून घेऊ. शनी माणसाचा शब्दच काढून घेतो बघ."

"शनीला माझी सही कशाला हवी, अण्णा?" शामसुंदरराव म्हणाले. अण्णांना ते ऐकू गेले नाही. कुसुमबाईंना नेहमीप्रमाणेच नाही.

शनीची शांत झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विजेच्या बिलाच्या चेकवर सही केली. ती सतरा मिलिमीटर होती. हे माप मी अंदाजाने सांगत नाही. मृण्मयीने मोजले होते.

मृण्मयी तोवर विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षात होती. वडिलांनी खोटे केले, यावर तिचा विश्वास नव्हता. पण विश्वास हा पुरावा नव्हे, हेही ती त्याच माणसाकडून शिकली होती. २००३ च्या जूनमध्ये तिने माळ्यावरून आपली शाळेची प्रगतिपुस्तके काढली. प्रत्येक परीक्षेनंतर 'पालकांची सही' या रकान्यात वडिलांनी सही केली होती. तिने ती तारखेप्रमाणे मांडली, मधे बँकेच्या स्लिपा घातल्या, एका टोकाला मला ठेवले. मग वडिलांचा व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाचे साधन, घेऊन एकेक सही मोजली. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. चव्वेचाळीस. एकोणचाळीस. तेहेतीस. पंचवीस. एकोणीस.

कुठेही उडी नव्हती. हात बदलला असता, तर एका जागी उडी दिसली असती.

"बाबा, हे बघा."

शामसुंदररावांनी आकडे दोनदा वाचले. 

"गेज बरोबर होता," ते म्हणाले. "जॉब झिजत होता. आणि मी रोज मोजतच बसलो होतो, दुसऱ्यांचे."

गंगापूर रोडवरच्या मज्जाविकारतज्ज्ञ बाईंपुढे मृण्मयीने मला आणि आलेखाला ठेवले. डॉक्टरांनी शामसुंदररावांना खोलीत चालायला लावले. त्यांचा उजवा हात हलत नव्हता, अंगाला चिकटलेला होता. एकच वाक्य पाच ओळी लिहायला सांगितले. अक्षरे ओळीगणिक बारीक होत गेली. मग त्या कुसुमबाईंकडे वळल्या.

"यांचा आवाज कधीपासून बसलाय?"

कुसुमबाई गोंधळल्या. "आवाज? छे हो. माझे कान..."

त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिले.

डॉक्टरांच्या दाखल्यावर माझे चार भाऊ नाशिकमध्येच वटले. त्या रुपयांतून कुसुमबाईंना श्रवणयंत्र आले. त्याआधी कान पुन्हा तपासले. दोन वर्षांपूर्वी होते तसेच होते. यंत्र लावल्यावर त्यांना रस्त्यावरची रिक्षा ऐकू येऊ लागली, नळ ठिबकताना ऐकू येऊ लागला. शामसुंदररावांचे बोलणे मात्र तोवर त्या यंत्राच्याही टप्प्याबाहेर गेले होते. दाखल्याची प्रत मृण्मयीने कंपनीला पाठवली. पोच आली, त्यापुढे काही आले नाही.

मी वटलो नाही. खालची सही एकदा झाली की ती पुसता येत नाही. म्हणून गेली पाच वर्षे मी औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत एका फाइलीत आहे. मला जपून ठेवले जाते. जपण्याची खरी गरज माझ्या शेजारी, खुर्चीत बसलेल्या माणसाला होती, ती निदानाच्या दोन वर्षे आधी.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी सही केलेला एक जुना कागद काढा. त्याच्या शेजारी आजचा कागद ठेवा आणि नीट पाहा. फरक दिसला, तर त्यांना दोष देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडे किंवा शामसुंदररावांकडे पुष्कळांनी पाहिले: रोखपालाने, पोलिसाने, समितीने, अण्णांनी. सही कुणाची, एवढेच पहिल्या तिघांनी विचारले. हाताला काय झाले आहे, हे तिघांनी विचारले नाही आणि चौथ्याने आकाशाकडे पाहून सांगितले.

हाताला झाले होते ते असे. शामसुंदर गायधनी यांना पार्किन्सनचा आजार होता. मेंदूच्या खोल भागातल्या, हालचालींना बळ आणि माप देणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी, पहिल्या सहीनंतर केव्हातरी मरू लागल्या होत्या. त्यामुळे त्यांचे पाऊल आखूड झाले, आवाज खाली गेला आणि सही अठ्ठेचाळीस मिलिमीटरांवरून एकोणीस मिलिमीटरांवर आली.