उघड्या स्प्रिंगांची हार्ले

वेंडलने गाडी पसंत केली आणि तिथेच मर्नाला संशय आला.

गेला महिनाभर दोघं नवरा-बायको अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जुन्या मोटरसायकली बघत हिंडत होती आणि वेंडलने प्रत्येकीत खोट काढली होती. एकीचं इंजिन तेल ओकत होतं, दुसरीचा क्लच गेलेला, तिसरीच्या मालकाचं बोलणंच त्याला पटलं नाही. वेंडलला समोरचं दिसत नसे. डोळ्यांच्या मधोमध अंधार साचला होता आणि कडेकडेचं तेवढं उरलं होतं. माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की तोंडच नाहीसं व्हायचं. परवाना गेला, गाडी विकली आणि हा गडी जो खुर्चीत बसला तो उठेचना. त्याला पुन्हा रस्त्यावर न्यायचं, एवढ्यासाठी मर्नाने साठीला टेकल्यावर मोटरसायकल शिकून घेतली होती. शाळेची बस ती चालवतच होती, तेव्हा रस्त्याची भीती नव्हती. पण मागे बसण्याचा विषय काढला की वेंडल म्हणायचा, "तू तुझ्यासाठी घे गं. मी बघून देतो." आणि त्याला नेमकी लघवीला लागायची.

आज टॉर्गर्सन नावाच्या गोठेवाल्याच्या शेडमध्ये मात्र वेंडलची कळी खुलली होती. त्याने इंजिनावर तळवा ठेवला.

"थंडगार आहे. आम्ही यायच्या आधी तापवून ठेवली नाहीस. बरं वाटलं."

"मी कशाला तापवू? पहिल्या बटणाला उठते ती," टॉर्गर्सन म्हणाला.

त्या हार्ले मोटरसायकलच्या पुढच्या बाजूला नेहमीचे शॉकअप नव्हते. आजोबांच्या काळातल्या गाड्यांना असत तशा उघड्या, लखलखीत स्प्रिंगा होत्या. टॉर्गर्सनने जॅक लावून पुढचं चाक उचललं. वेंडल गुडघ्यावर बसला आणि चाक धरणारा फोर्क खालून धरून त्याने मागे-पुढे हिसके दिले. मग एकेक सांधा बोटांनी चाचपला.

"सांध्यांच्या बुशात जराही ढिलाई नाही. ग्रीससुद्धा ताजं आहे. मर्ना, डोळे झाकून घे."

"तुझे झाकलेलेच आहेत, म्हणून तर विचारते. खरंच घेऊ?"

"घे म्हणतो ना! अशी पुन्हा मिळायची नाही."

टॉर्गर्सनचा शेजारी रॉस्को उलट्या बादलीवर बसून बिअर पीत होता. तो म्हणाला, "बाई, आधी चालवून तर बघा. नाही झेपली तर शिलाई मशीन घ्या."

"तुमची बिअर संपायच्या आत परत येते," मर्ना म्हणाली. चाचणीला गाडी नेताना तारण ठेवायची रीत, म्हणून तिने आपल्या पिकअपची किल्ली टॉर्गर्सनच्या हातावर ठेवली आणि गाडी बाहेर काढली.

गाडी झकास होती. खड्डा आला की हँडलच्या पुढे स्प्रिंगा आपल्या नाचत, मनगटाला काही कळत नसे. ब्रेक दाबला तरी नाक खाली घालत नव्हती. नदीकडच्या उतारावर मर्ना मोठ्याने हसली. वळणावर लांब सीटच्या सवयीने तिने मागे सरकून टेकायला पाहिलं, तर मागे टेकायला काहीच नव्हतं. एका माणसाची सीट आणि तिच्यामागे नुसता उघडा मडगार्ड.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. आधीच्या तिन्ही गाड्यांना मागे सीट होती. पठ्ठ्याने मडगार्डही चाचपला असणार, आणि मगच इंजिनावर हात ठेवला असणार. तिला असा राग आला की ती रस्त्यातच गाडी वळवून परत निघाली.

"मागची सीट कुठाय हिची?" शेडच्या दारातच तिने विचारलं.

"काढून ठेवली. बेढब दिसते," टॉर्गर्सन म्हणाला. "फळीवर पडलीय. फूटरेस्टही आहेत."

"बसवा."

"राहू दे गं," वेंडल घाईघाईने म्हणाला. "गाडीची शोभा जाईल."

"तुला दिसते शोभा?"

रॉस्को खिदळला. "अहो बाई, या गड्याला बायकोच्या मागे बसवणार? मग त्याला स्कर्टही घ्या एक."

वेंडलचे कान लाल झाले. "ऐकलंस? गावभर हेच होणार. मी खुर्चीत बरा आहे."

"मी बरी नाही," मर्ना म्हणाली. तिचा आवाज चढला. "लग्न झाल्यापासून तुझ्या मागे बसून मी अर्धी अमेरिका पाहिली. समोर काय दिसायचं मला? तुझी पाठ! जे पाहिलं ते सगळं कडेचं. नदी कडेची, डोंगर कडेचे. आणि मला काही कमी पडलं नाही, वेंडल. मागे बसणाऱ्याला समोरचं लागतच नाही. तुझ्या डोळ्यांना जमेल अशी एकच जागा आहे या गाडीवर, आणि तीच तू फळीवर टाकून ठेवतोस? तू बसणार असलास तर गाडी घेते. नाहीतर हा शोध आज संपला."

रॉस्कोने बिअरचा डबा तोंडाला लावला, पण तो रिकामा होता.

वेंडलने मान तिरकी केली. बायकोचा चेहरा बघायचा असला की तो असाच, बाजूला कुठेतरी बघायचा. मग तो खाकरला.

"टॉर्गर्सन, पाना दे. सीट मीच बसवतो. तू ढिली ठेवशील."

बोल्ट आवळून झाल्यावर तो गाडीवर चढला. पाय कुठे, हात कुठे, त्याला काही सुचेना. मर्नाने त्याचे दोन्ही हात ओढून आपल्या पोटावर घेतले आणि गाडी सोडली.

पहिला मैलभर तो लाकडासारखा ताठ बसला होता. "गिअर बदल," दोनदा म्हणाला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नदीकाठ आला तशी त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर टेकली.

"डावीकडे पाण्यात पेलिकन पक्षी उतरलेत गं," तो कानाशी ओरडला. "पांढरेशुभ्र! केवढे आहेत! बघ की!"

"मला रस्त्यावरून नजर काढता येत नाही," मर्ना म्हणाली. "तूच सांग."