‘चार बोटं’मधला दरवाजा

आज मंगळवार. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी नाट्यगृहाच्या सुतारकाकांनी माझ्या वरच्या बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचे तीन थेंब सोडले, मला दोनदा उघडून लावून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. माझा आवाज गेला.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. उंची साडेतीन फूट, रुंदी दोन फूट. माझ्यातून आजवर कोणी आत गेलेलं नाही आणि कोणी बाहेर आलेलं नाही, कारण माझ्यामागे खोलीच नाही. एक लाकडी बैठक, तिच्यावर चौकट, चौकटीत फळ्यांचं दार, एक कडी आणि दोन बिजागऱ्या. संपलं. मला पडद्याआड ठेवतात आणि माझा फक्त आवाज लोकांपर्यंत जातो. हेच माझं काम.

आज दुपारी चार वाजता एक बाई मला ऐकायला येणार आहेत. माझं करकरणं त्यांना पटलं तर एक मालिका होईल, नाही पटलं तर होणार नाही. ज्या माणसाने मला घडवलं त्याच्या मुलीचं पहिलं स्वतंत्र काम त्या मालिकेवर अवलंबून आहे. म्हणून सगळं क्रमाने सांगतो. जे मी स्वतः ऐकलं ते तसंच सांगेन. जे दुसऱ्याकडून कळलं, ते कोणाकडून तेही सांगेन.

येणाऱ्या बाई ‘चार बोटं’ या कादंबरीच्या लेखिका. बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ती लिहिली, तेव्हा त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होत्या. दिवसभर कानात परक्या माणसांचे आवाज. कादंबरी एकशे बत्तीस पानांची. एक कुटुंब भाड्याच्या घरात राहायला येतं. मागच्या खोलीला आतून कडी असते आणि आत कोणी नसतं. रोज संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळी, ती कडी निघते आणि दार चार बोटं उघडतं. चारच. आतून कोणी येत नाही. शेवटच्या पानापर्यंत येत नाही. एवढीच गोष्ट, पण लोकांची झोप उडाली. एका शिंप्याने ते पुस्तक वाचून स्वतःच्या स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांसकट काढून ठेवलं होतं. हे मला आवाजवाल्याकडून कळलं. ते दार विकत मागायला तोच गेला होता.

आवाजवाला म्हणजे मला घडवणारा. नाटकात पाऊस पडायचा, घोडे धावायचे, काचा फुटायच्या, ते सगळं विंगेत उभा राहून तो एकटा करायचा. कादंबरीवर नाटक करायचं ठरलं तेव्हा दिग्दर्शकाला मंचाच्या मधोमध पुरुषभर उंचीचं दार हवं होतं.

“दार दिसलं पाहिजे,” दिग्दर्शक म्हणाला.

“दिसलं की लोक त्याचं माप घेतील,” आवाजवाला म्हणाला. “कानाला माप घेता येत नाही.”

“बरं. मग तुझं दार आण आणि मला घाबरव. घाबरलो तर तुझं, नाहीतर माझं.”

आवाजवाल्याने मालाच्या खोक्यांच्या फळ्या जोडून मला उभं केलं. मग बिजागऱ्यांचा शोध सुरू झाला. अकरा लावून काढल्या. एक चिमणीसारखी चिवचिवायची, एक नुसतीच खाकरायची. बारावी त्याला बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या दारावर सापडली, गंजून लाल झालेली. ती बसवताना हातोडीचा घाव चुकला आणि मधली खीळ वाकली. “वाकली, मेली,” तो म्हणाला. हातोडी फेकून, वैतागून त्याने मला उघडलं.

आधी एक तोकडा आवाज आला, कोणी बोलायला तोंड उघडावं तसा. मग काहीच नाही. मग लांब, खाली उतरत जाणारी करकर. मधली शांतता त्याने घड्याळ लावून मोजली. दीड सेकंद.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक चहा पीत बसला असताना त्याने मला पडद्यामागे उघडलं. त्या दीड सेकंदात दिग्दर्शकाने कप खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही.

“तुझं,” तो म्हणाला.

माझा जन्म असा एका चुकलेल्या घावातून झाला. त्या घावाचे उपकार मी विसरलेलो नाही.

नाटकाचे तीनशे अठरा प्रयोग झाले. पहिल्या प्रयोगाला बाई विंगेत माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी करकरलो तेव्हा त्यांनी आवाजवाल्याची बाही धरली. प्रयोग संपल्यावर म्हणाल्या, “मी हे लिहिलं नव्हतं हो. मला हे नुसतं ऐकू आलं होतं. तुम्हाला कसं कळलं?”

“हातोडी चुकली, बाई,” आवाजवाला म्हणाला. त्याला खोटं बोलता यायचं नाही.

एका प्रयोगाला तर माझ्या करकरीनंतरच्या शांततेत तिसऱ्या रांगेतून एक बाई नवऱ्याला स्पष्ट म्हणाल्या, “अहो, जाऊन दार लावून या ना.” आणि ते गृहस्थ खरंच उठले. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. मित्रांनो, एखाद्या दरवाजाला याहून मोठी शाबासकी काय मिळणार?

पुढे सिनेमा आला. मला गाडीत घालून एका खोलीत नेलं. तिच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या आणि आवाज भिंतीत बुडून जायचा. सतरा वेळा उघडल्यावर निर्माता म्हणाला, “वा.” मला वाटलं, जिंकलो. सिनेमात काय झालं ते मला आवाजवाल्याच्या बायकोने घरी परतल्यावर केलेल्या वर्णनावरून माहीत आहे; तेव्हा मी त्यांच्याच घरी असायचो. माझ्या करकरीवर त्यांनी सोळा व्हायोलिनं वाजवली होती. त्यावर समाधान झालं नाही म्हणून शेवटी दार सताड उघडलं आणि आतून रबराचा मुखवटा घातलेला माणूस बाहेर आला.

“मुखवट्याची शिवण दिसत होती,” ती म्हणाली. “माझ्या मागचा माणूस म्हणाला, याला आधी शिंप्याकडे न्या.”

बाई मध्यंतरानंतर परत आत गेल्या नाहीत. तरी मी त्या सिनेमाला नावं ठेवणार नाही. तो पाहून लोकांनी पुस्तक विकत घेतलं आणि दोन वर्षांत तीन आवृत्त्या निघाल्या. मुखवट्याने न जमलेलं काम एकशे बत्तीस पानांनी पुन्हा केलं.

त्यानंतर दूरदर्शनवरची मालिका. ठरली तेरा भागांची, गेली एकोणचाळीस भागांवर. कादंबरीत नसलेली मावशी आली, मावशीचा जावई आला, जावयाचा हरवलेला भाऊ आला. प्रत्येक जाहिरातीआधी मी करकरायचो. एका भागात नऊ वेळा. भीती अशी वाटून दिली की कोणाच्याच वाट्याला पुरेशी आली नाही. शाळेत मुलं माझी नक्कल करू लागली. आवाजवाल्याची मुलगी तेव्हा तिसरीत होती. ती माझ्या बैठकीवर बसून गृहपाठ करायची. एकदा म्हणाली, “बाबा, आमच्या वर्गात सगळ्यांना दार येतं. पण मधलं थांबणं कोणालाच येत नाही.” आवाजवाल्याने काम थांबवून तिच्याकडे पाहिलं. बहुधा त्याच दिवशी तिचा धंदा ठरला.

मालिका संपल्यावर माझं काम संपलं. नाट्यगृहाच्या जिन्याखाली मी एकोणीस वर्षं उभा होतो. माझ्या कडीला ओल्या छत्र्या टांगल्या, माझ्या बैठकीवर रंगाचे डबे ठेवले. तक्रार करण्यासारखं काही नाही. जागा कोरडी होती. आवाजवाला वर्षातून दोनदा यायचा, डबे हटवायचा, मला चार बोटं उघडायचा, ऐकायचा आणि जायचा. काही वर्षांनी तो कान माझ्याजवळ आणू लागला. नंतर तळहात चौकटीवर ठेवू लागला. त्याला ऐकू येणं बंद झालं होतं. हाताला मात्र मी कळत होतो.

आता त्या कादंबरीवर नवी मालिका करायची आहे, आठ भागांची. आवाजाचं सगळं काम आवाजवाल्याच्या मुलीकडे आलं. आजवर ती दुसऱ्यांच्या हाताखाली होती. पण बाईंनी अजून परवानगी दिलेली नाही. त्यांचं वय आता चौऱ्याऐंशी. नजर गेली, कान शाबूत. याआधी दोन कंपन्यांना त्यांनी परत पाठवलं. या वेळी त्यांचा निरोप एका ओळीचा होता: “दारामागे काय आहे ते दाखवणार नसाल तर या, आणि आधी नाटकातलं दार ऐकवा.”

मुलीने माझा जुना आवाज शोधला. सिनेमात मी व्हायोलिनांखाली गाडलेला. नाटक कधी ध्वनिमुद्रित झालंच नव्हतं. जुन्या मालिकेच्या फिती पुसून त्यांवर बागकामाचा कार्यक्रम घेतला होता. म्हणजे आवाज उरला तो फक्त माझ्यात. काल तिने मला जिन्याखालून काढून तालमीच्या खोलीत ठेवलं, एकदा उघडलं आणि हसली. सगळं जागच्या जागी होतं. तिने ते फोनवर टिपूनही घेतलं, पण नेमकी मधल्या शांततेत खालून एक स्कूटर गेली. उद्या सकाळी नीट घेऊ, असं म्हणून ती घरी गेली.

आज सकाळी सुतारकाका खोली झाडायला आले. तीस वर्षांचा सुताराचा हात. दार कुरकुरलं की तो आपोआप तेलाकडे जातो. साडेदहाला मुलगी आली.

“काका, याला काही केलंत?”

“तेल दिलं. किती कण्हत होतं बिचारं. बघ आता, लोण्यासारखं चालतंय.”

तिने मला उघडलं. मी लोण्यासारखा चाललो. ती जमिनीवर बसली आणि त्यांना चार वाजताचं सगळं सांगितलं. सुतारकाकांचा चेहरा उतरला.

“अगं पोरी, मग पाटी तरी लावायचीस,” ते हळूच म्हणाले. “कुरकुरणारं दार कोणी जपून ठेवतं का? आमच्या अख्ख्या खानदानात कोणी ठेवलं नाही.”

मग तेच कामाला लागले. बिजागरी पेट्रोलने धुतली, खीळ न हलवता. दोन तास उन्हात ठेवली. मुलीने व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ आणून, कुटून आत भरली. ज्या वाद्याने सिनेमात मला झाकलं, तेच आज मदतीला आलं. एक वाजता आवाज परतला, पण एका दमात. मधलं थांबणं नव्हतं.

तिने वडिलांना बोलावलं. त्यांनी तळहात चौकटीवर ठेवला. तिने उघडलं.

“थांबत नाहीये,” ते म्हणाले.

तिने मान हलवली आणि त्यांना वाचता यावं म्हणून खडूने पाटीवर लिहिलं, ‘आता काय करू?’

“खिळीचा वाक आहे तसाच आहे. तेल उतरलं की थांबेल. कधी उतरेल ते तेलाला विचार.”

नवी मालिका करणाऱ्या कंपनीचा माणूस घड्याळ बघत उभा होता. “ताई, कॉम्प्युटरवर चारशे दारं आहेत. एक लावून टाकू. या वयात त्यांना काय कळणार आहे?”

“त्यांना तेवढंच कळतं आता,” ती म्हणाली. “आणि कळलं नाही तरी मला कळेल.”

तीन वाजेपर्यंत तिने मला नऊ वेळा उघडलं. त्यांपैकी दोनदा मी थांबलो. नवात दोन, हा आकडा मी पदरचा सांगत नाही. सुतारकाकांनी भिंतीवर खडूने रेघा मारल्या आहेत.

मित्रांनो, मला सुतारकाकांचा राग आलेला नाही. एकोणीस वर्षांत माझं कण्हणं ऐकून औषध आणणारे ते पहिलेच. मागणं एवढंच आहे. कोणाची काळजी घ्यावीशी वाटली तर आधी त्याचं काम काय ते विचारा. तुम्हाला जे दुखणं वाटतं, त्यावर कदाचित त्याचं पोट चालत असेल. आणि विचारायचं राहून गेलं, तर सुतारकाकांसारखे बाह्या सरसावून दुरुस्तीला बसा.

बाई चारला पाच कमी असताना आल्या. खुर्चीत बसल्या. मुलीने काही लपवलं नाही. तेलाचं सांगितलं, नवात दोनदाचंही सांगितलं.

“तेल कोणी घातलं?” बाईंनी विचारलं.

“मी, बाई,” सुतारकाका म्हणाले.

“तुम्ही माझं पुस्तक वाचलंय का?”

“नाही, बाई.”

“बरोबर. वाचलं असतंत तर हात लावला नसतात.” बाई हसल्या. मग मुलीकडे तोंड करून म्हणाल्या, “उघड. चार बोटं. एकदाच. दुसऱ्यांदा उघडलं तर ती तालीम होते.”

मुलीने कडी काढली. तिच्या वडिलांनी तळहात चौकटीवर ठेवला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला तोकडा आवाज आला. मग काहीच नाही. कोणी मध्ये बोलू नये म्हणून बाईंनी हात वर केला आहे. मी उघडतो आहे. त्यांचा हात अजून खाली आलेला नाही.